बॅटरी नवी, अल्टरनेटर ठीक, तरी चार्जिंग १३ व्होल्टच्या वर जाईना (जुना ट्रॅक्टर)

शिरोडा_माडबाग

नमस्कार मंडळी, ट्रॅक्टरच्या चार्जिंगने डोकं उठवलंय म्हणून इथे टाकतोय. ट्रॅक्टर जुना, तीन सिलिंडर, ३५ एचपी, कोल्हापूरकडून सेकंडहँड आणलेला. मूळचा डायनॅमोवाला (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र), पण आधीच्या मालकाने कधीतरी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवून घेतलाय, ३५ अँपिअरचा, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आतच आहे. डॅशबोर्डवर काट्याचा जुना अँपिअर मीटर मात्र तसाच.

प्रॉब्लेम असा की बॅटरी टिकत नाही. जुनी गेली असेल म्हणून नवी ७५ एएचची टाकली, तर ती पण थोडे दिवस चिरे वाहिले, रात्री हेडलाइटवर दोन-चार फेऱ्या झाल्या की सकाळी सेल्फला नुसतं टक टक. मग ट्रॅक्टर मांगराच्या वरच्या उतारावर लावून ठेवायचा आणि सकाळी सोडून चालू करायचा, असं चाललंय. आता मिरग आलाच, एकदा चिखलणी सुरू झाली की मळ्यात उतार कुठून आणू.

ऑटो इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटर खोलून कार्बन (ब्रश) बदलले, बेंचवर फिरवून दाखवला, तिथे झकास चार्ज देत होता. परत बसवला की तेच. मी मल्टिमीटर घेऊन बॅटरीवर बघितलं ते असं: बंद असताना १२.२. चालू केला स्लोवर तर १२.१. रेस दिली की एकदम उडी मारून १३ ला जातं आणि मग रेस कमी केली तरी तिथेच राहतं, पण वर जात नाही. हेडलाइट लावले की १२.७. चार्जिंगचा लाल दिवा किल्ली दिली की लागतो, पण ट्रॅक्टर चालू झाला तरी लगेच विझत नाही, जोरात रेस दिल्यावरच विझतो. अल्टरनेटर नवाच घेऊ का? दुकानदार तोच सल्ला देतोय.

गाववालो_मालवण

दादानू, आधी पट्टो बघा. माज्या ट्रॅक्टराचा असाच झालेला, पट्टो वरसून बरो दिसा पण पुलीत तळाक टेकलेलो, नुसतो घसरा. अंगठ्यान दाबलास की अर्धो इंच जावक व्हयो, जास्त गेलो तर ताणून घेवा. पट्ट्याची बाजू चकचकीत झाली असात तर बदलाच, ताणून काय उपयोग नाय, उलट बेअरिंग खाता.

आणि एक सोपी टेस्ट, ट्रॅक्टर चालू करा नि बॅटरीचो एक टर्मिनल काढा. चालूच रवलो तर अल्टरनेटर ओके, बंद पडलो तर गेलो. आमचो मेस्त्री असोच बघता.

राजापूर_वायरिंग

पट्ट्याचं बरोबर सांगितलं मालवणवाल्या भावाने, पण ती टर्मिनल काढायची टेस्ट कृपा करून कोणी करू नका. मी ऑटो वायरिंगच करतो आणि या टेस्टने उडालेले डायोड (अल्टरनेटरमधले, करंट एकाच दिशेने सोडणारे) बदलून बदलून कंटाळा आलाय.

एक तर डिझेलवर त्या टेस्टला काही अर्थच नाही. ही युक्ती पेट्रोल गाडीची आहे, तिथे स्पार्कला करंट लागतो म्हणून बॅटरी काढल्यावर अल्टरनेटर नसेल तर गाडी मरते. जुन्या डिझेलला पंप मेकॅनिकल, ठिणगी नाही काही नाही, म्हणून तर बंद करायला दांडी ओढावी लागते ना. बॅटरी काढून घरी नेऊन ठेवली आणि अल्टरनेटर खोलून बाजूला ठेवला तरी तो ट्रॅक्टर डिझेल संपेपर्यंत चालणार. मग त्या टेस्टने कळलं काय?

आणि दुसरं म्हणजे अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी एकदम तोडली की तो करंट जाणार कुठे, व्होल्टेज क्षणात खूप वर जातं आणि डायोड नाहीतर रेग्युलेटर बसतो. डायनॅमोच्या काळात लोक करायचे, तेव्हा डायोडच नव्हते, ती सवय राहिलीय.

आता शिरोडावाले दादा, तुमच्या पोस्टमध्येच अर्धं उत्तर आहे. रेस दिली की एकदम उडी, आणि मग खाली येत नाही, याचा अर्थ अल्टरनेटर जागा होत नाहीये लवकर. त्याच्या आतल्या रोटरला (फिरणाऱ्या विद्युतचुंबकाला) सुरुवातीला थोडा करंट बाहेरून लागतो आणि तो करंट येतो त्या लाल दिव्यातून. किल्लीतून बल्ब, बल्बमधून अल्टरनेटरचं बारीक टर्मिनल (एल किंवा डी प्लस लिहिलेलं असतं, काहींवर आय एन डी), तिथून कार्बन आणि रोटर. म्हणजे तो दिवा नुसता इशारा द्यायला नाही, तो त्या सर्किटचाच भाग आहे. एकदा चार्ज बनायला लागला की बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज होतं म्हणून बल्ब विझतो.

तर मला सांगा, तो बल्ब पिवळट आहे का पांढरट झगझगीत? म्हणजे कोणी एलईडी टाकलाय का? साधा २.२ वॅटचा बल्ब असेल तर त्यातून १८० मिलिअँपिअरच्या आसपास जातो, रोटर जागा व्हायला तेवढा पुरतो. एलईडीमधून जेमतेम २० मिलिअँपिअर. दिवा दिसायला मस्त दिसतो पण अल्टरनेटरला काही पोचत नाही, मग तो स्वतःच्या उरलेल्या चुंबकत्वावर, जोरात फिरवल्यावरच उठतो.

पण एवढ्याने १३ ला अडकणं समजत नाही. उठल्यावर तरी १४ ला जायला पाहिजे. तिथे दुसरं काहीतरी आहे.

पेण_खारपट्टी

दुसरं म्हणजे वायर आणि अर्थिंग. घाटावरचा ट्रॅक्टर आहे ना, तिथे कोरड्या हवेत जे जॉइंट वीस वर्षं चालले ते इथे खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यात हिरवे होतात. तुमच्याकडे तर शिरोड्याला मिठागरं बाजूलाच. आमच्याकडे खारपट्टीतल्या सगळ्या ट्रॅक्टरचं हेच रडगाणं आहे, बाहेरून थिंबल (वायरच्या टोकाचं कडं) चांगलं दिसतं, रबर मागे सारलं की आत वायर काळी-हिरवी पूड.

ओम मोडवर वायर तपासू नका, फसाल. एक तार शिल्लक असली तरी मीटर झिरो ओमच दाखवणार, कारण मीटर करंट सोडतोच किती. लोड असताना व्होल्ट मोजायचे. ट्रॅक्टर चालू, रेस मध्यम (स्लोवर नको), हेडलाइट लावलेले, मीटर डीसी व्होल्टवर.

पहिलं, अल्टरनेटरचा मोठा बोल्ट आणि अल्टरनेटरची बॉडी, यात किती. मग बॅटरीच्या दोन शिसाच्या खुंट्यांवर किती, क्लॅम्पवर नाही हां, खुंटीवरच टेकवा. या दोनमध्ये फरक असेल तर तो कुठे गेला ते शोधायचं: मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लस खुंटीवर. चांगल्या वायरिंगला ०.२-०.३ च्या वर यायला नको. तसंच अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीची मायनस खुंटी, इथे ०.२ च्या आत.

आणि हो, पट्टा आणि पंखा फिरत असतो, मीटरच्या वायरी नि सदऱ्याची बाही सांभाळा. लुंगी नेसून तर मुळीच नको.

दापोली_हापूसवाला

मध्ये घुसतोय, माफ करा. माझ्याकडे अजून अस्सल डायनॅमोवालाच आहे, त्याला पण हेच चेकिंग लागू होतं का? पाऊसभर शेडमध्ये उभा होता, आता अजिबातच चार्ज दाखवत नाही, काटा झिरोवर मेलेला.

राजापूर_वायरिंग

वायरीचं चेकिंग तसंच, पण डायनॅमोची टेस्ट वेगळी आहे दापोलीकर. डायनॅमोवरच्या डी आणि एफ दोन्ही वायरी काढा, दोन्ही टर्मिनल छोट्या वायरने एकमेकांना जोडा, मीटरची एक पिन तिथे आणि दुसरी बॉडीला. ट्रॅक्टर स्लोवर चालू करून रेस हळूहळू वाढवा, व्होल्ट सरळ चढत गेले पाहिजेत, २० पर्यंत चढले की बास, त्याच्या वर नेऊ नका, तिथे रेग्युलेटर नाहीये लगाम घालायला. चढले म्हणजे डायनॅमो चांगला, दोष कटआऊटच्या डब्यात (डायनॅमोचा चार्ज चालू-बंद आणि कमी-जास्त करणारा बाहेरचा डबा) किंवा वायरीत. चढत नसतील आणि मीटर अर्धा-एक व्होल्टवर रेंगाळत असेल तर कार्बन, कम्युटेटर साफ करा आणि फील्डला (डायनॅमोच्या चुंबकाच्या कॉइलला) झटका द्या. अगदीच झिरो असेल तर चुंबकत्वच गेलं असण्याची शक्यता जास्त, त्यालाही झटकाच. ट्रॅक्टर बंद, एफची वायर काढलेली, आणि बॅटरीच्या ज्या टोकाला अर्थ नाही तिथून एक वायर आणून डायनॅमोच्या एफ टर्मिनलला क्षणभर टेकवायची, बारीक ठिणगी पडते, दोन-तीनदा. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या डायनॅमोला याने पुन्हा जाग येते.

पण त्याआधी बघून घ्या तुमच्या ट्रॅक्टरला बॉडीला प्लस जोडलंय का मायनस. काही जुन्या मशीनला प्लस अर्थ असतो आणि नंतर कोणीतरी बॅटरी उलटी बसवलेली असते, मग उलटंच मॅग्नेट होऊन बसतं.

शिरोडावाल्यांच्या उत्तराची वाट बघतोय.

शिरोडा_माडबाग

सगळ्यांचे आभार, आज सकाळी पाऊस नव्हता तेव्हा सगळं मोजलं.

पट्टा ठीक आहे, पुलीत वर बसतो, अर्धा इंच दबतो. बल्ब तुम्ही म्हणता तसाच, पांढरा एलईडी निघाला, डॅशबोर्डचे सगळेच बल्ब एलईडी आहेत.

मध्यम रेस आणि हेडलाइट चालू असताना: अल्टरनेटरच्या बोल्टवर १४.२. बॅटरीवर १२.७. प्लस बाजूला फरक १.२ आणि मायनस बाजूला ०.३. म्हणजे दीड व्होल्ट रस्त्यातच खपतोय!

मग प्लसची वायर हाताने धरून मागे मागे गेलो, तर गंमत बघा, ती सरळ अँपिअर मीटरला जातच नाही. ती आधी जाते जुन्या कटआऊटच्या डब्यात. डबा आतून रिकामा आहे, कॉइल-बिइल काढून टाकलेल्या, फक्त दोन टर्मिनल एका पत्र्याच्या पट्टीने जोडलेत आणि स्क्रू आवळलेत, जॉइंट म्हणून वापरलाय. त्या एकट्या डब्यावर ०.८ पडतंय. डबा चांगलाच गरम होता, पट्टी गंजून लालभडक. बाकी ०.२ अल्टरनेटर ते डबा आणि ०.२ पुढे मीटरमधून बॅटरीपर्यंत.

एक शंका, मग बेंचवर चांगला कसा चालला? आणि अल्टरनेटरला कळत कसं नाही की बॅटरीला कमी मिळतंय?

राजापूर_वायरिंग

बेंचवर ती वायर नव्हती, तो डबा नव्हता आणि चाचणीला बल्ब खरा लावला असणार, म्हणून. माणूस खोटं बोलला नाही, फक्त अल्टरनेटर तपासला, ट्रॅक्टर नाही.

आणि अल्टरनेटरला कळत नाही कारण आतला रेग्युलेटर स्वतःच्याच टर्मिनलवरचं व्होल्टेज बघतो. तिथे १४.२ झाले की त्याचं समाधान होतं, तो फील्ड (रोटरचा करंट) कमी करतो. बॅटरीपर्यंत किती पोचलं त्याला काय माहीत. बॅटरीला १३ मिळालं तर ती मरत नाही पण पूर्ण भरतही नाही, अर्धपोटी राहते, आणि अर्धपोटी लीड ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरत जातं. म्हणजे नवी बॅटरी पण वर्षभरात जुनीच्या वाटेने जाणार. अल्टरनेटर बदलला असता तरी तेच.

डबा गरम का, तर हिशोब बघा. हेडलाइटचे १० अँपिअरच्या आसपास, बॅटरी ओढते ते वेगळे, असे समजा २० जातायत. ०.८ गुणिले २०, म्हणजे १६ वॅट त्या एका गंजक्या पट्टीत जळतायत. हे आग लागायचं काम आहे, तेही डिझेलच्या नळीजवळ. तो डबा आजच काढा.

करायचं काय: अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टपासून सरळ बॅटरीच्या प्लसला नवी वायर टाका, कमीत कमी १० स्क्वेअर एमएम, तांब्याची, टिन केलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं कारण आपल्या हवेत साधं तांबं हिरवं पडतं. बॅटरीच्या टोकाजवळ ५० अँपिअरचा फ्यूज. थिंबल पकडीने चेपून थांबू नका, नीट क्रिंप करून वरून हीटश्रिंक. मायनसला ती विणलेली पट्टी असेल गिअरबॉक्सवर, ती काढून खालचा रंग पॉलिश पेपरने घासा, चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे, मग आवळून वरून व्हॅसलीन. आधी नाही, नंतर. आणि इंजिन ब्लॉकवरून चेसिसला एक जादा अर्थिंग दिलं तर सेल्फ पण तगडा फिरेल.

काम करताना मायनस आधी काढायचा, शेवटी लावायचा. पाना प्लसला असताना बॉडीला टेकला तर काय होतं ते हातात लोखंडी कडं असलेल्यांना विचारा.

बल्बचं सोपं आहे, २.२ वॅटचा साधा टाका. होल्डर एलईडीचाच असेल तर त्याच्याशी पॅरलल ६८ ओमचा ५ वॅटचा रेझिस्टन्स लावा, तेवढाच करंट जातो.

पेण_खारपट्टी

अजून एक, वायर टाकायच्या आधी बॅटरी बाहेर काढून चार्जरवर पूर्ण भरून घ्या. ७५ एएच म्हणजे ७ अँपिअरने दहा-बारा तास, घाई करून २० ने भरू नका. मग डेन्सिटी (ॲसिडची घनता) बघा, सहाही सेल १.२४ ते १.२६ मध्ये आणि एकमेकांच्या जवळ पाहिजेत. एखादा ०.०५ ने मागे पडला असेल तर तो सेल गेला, मग वॉरंटी कार्ड शोधायला लागा. अर्धी उतरलेली बॅटरी अल्टरनेटरच्या भरवशावर भरायला ठेवली की तो बिचारा तासन् तास फुल लोडवर तापतो.

आणि रात्री काही खातंय का ते पण बघा. किल्ली बंद, मायनस काढून मध्ये मीटर १० अँपिअर रेंजवर. जुन्या ट्रॅक्टरला जवळपास झिरोच यायला पाहिजे. ५० मिलिअँपिअरच्या वर दिसलं तर अल्टरनेटरचा मोठा बोल्ट सोडवा, आकडा पडला तर डायोड लीक. फक्त मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

गाववालो_मालवण

राजापूरकर, टर्मिनल काढूचा आजपासून बंद. मेस्त्रीक वाचून दाखवलंय, तो म्हणता डिझेलाचा लक्षातच इला नाय.

शिरोडा_माडबाग

झालं एकदाचं काम. डबा काढला, नवी वायर कुडाळहून आणली, फ्यूज टाकला, गिअरबॉक्सवरची पट्टी घासून लावली. त्या बोल्टखाली रंगाचे तीन थर होते, प्रत्येक मालकाने वरून मारलेला. बॅटरी चार्जरवर रात्रभर, डेन्सिटी सगळीकडे १.२५ च्या आसपास. रात्रीचं लीकेज झिरो.

बल्ब बदलल्यावर किल्ली दिली की पिवळा लागतो आणि ट्रॅक्टर चालू होऊन जरा रेस घेतली की लगेच विझतो. हेडलाइट लावून अल्टरनेटरवर १४.२, बॅटरीवर १४.०.

पण आता एक नवीनच. अँपिअर मीटरचा काटा कधीच प्लसला जात नाही. दिवसा झिरो, हेडलाइट लावले की मायनस १०. बॅटरीवर तर १४ दिसतंय, मग मायनस का? परत काही उलटं जोडलंय का मी?

राजापूर_वायरिंग

काही उलटं नाही. आधी चार्जचा करंट मीटरमधून बॅटरीला जायचा म्हणून प्लस दिसायचा. आता अल्टरनेटर सरळ बॅटरीला जोडला आणि लाइट, हॉर्न वगैरे बॅटरीकडून मीटरमधून उलट्या दिशेने घेतायत, म्हणून मीटर फक्त तेवढा खर्च दाखवणार, तोही मायनसला. हेडलाइटचे १० बरोबर आहेत. तसाच राहू दिला तरी चालेल, पण खरं सांगायचं तर तो मीटर काढून त्या भोकात १२ व्होल्टचा व्होल्टमीटर बसवा, किल्लीच्या पुढची बारीक वायर आणि अर्थ. मीटरवरच्या दोन जाड वायरी मात्र एकत्र बोल्ट करून नीट झाका, नाहीतर लाइटच बंद पडतील. १३.८ ते १४.४ मध्ये काटा असला की काळजी नाही, १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बघायचा, १२ वर रेंगाळला तर पट्टा नाहीतर तो बल्ब.

दापोली_हापूसवाला

फील्डला झटका दिला, आता काटा प्लसला ८-१० दाखवतोय! पण एक विचारायचं राहिलं, तो २.२ वॅटचा बल्ब होल्डरसकट कुठे मिळाला शिरोडाकर? इथे दुकानात सगळीकडे एलईडीच पुढे करतायत.

शिरोडा_माडबाग

जुन्या स्कूटरच्या पार्टच्या दुकानात विचारा, स्पीडोमीटरचा बल्ब म्हणून. फक्त वॅट वाचून घ्या, १.२ चा पण तसाच दिसतो.